अंजिराच्या काडीपासून झाड: घरच्या बागेसाठी सविस्तर मार्गदर्शन

अंजिराची छाटणी झाली की झाडाखाली फांद्यांचा ढीग साचतो. त्या ढिगातल्या बोटाएवढ्या जाडीच्या प्रत्येक काडीत एक झाड असतं. डोळा भरायचं, म्हणजे एका झाडाचा कोंब दुसऱ्यावर बसवायचं, कसब लागत नाही, त्यासाठी मुळं असलेला खुंट लागत नाही. इतक्या सहज मुळं धरणारी फळझाडं मोजकीच आहेत. तरीही घरी लावलेल्या काड्या मोठ्या संख्येने मरतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: पाणी जास्त होतं.

माझ्या पहिल्या खेपेच्या बारा काड्यांपैकी अकरा अशाच गेल्या. पंधरा दिवसांत सगळ्यांना हिरवी पालवी फुटली होती. मी रोज सकाळी पाणी घालत होतो. तिसऱ्या आठवड्यात पानं लोंबायला लागली, तेव्हा तहान लागली असेल असं समजून आणखी पाणी घातलं. शेवटी एक काडी उपसून पाहिली. खालची साल बोटाने नुसती दाबली तरी सरकत होती, आतलं लाकूड तपकिरी झालं होतं, आंबट वास येत होता आणि मुळाचा पत्ता नव्हता. जगली ती बारावी काडी. तिचा डबा एका मोठ्या कुंडीमागे गेला होता आणि तिला पाणी द्यायचं राहूनच गेलं होतं.

त्या एका काडीने मला जे शिकवलं, त्यावरच पुढची सगळी पद्धत उभी आहे. शेतकऱ्याचा ‘वाफसा’ हा शब्द इथे नेमका लागू पडतो: मातीत ओल आहे, पण हवाही खेळती आहे. अंजिराच्या काडीला पहिल्या दिवसापासून मुळं सुटेपर्यंत वाफसाच हवा, चिखल नको.

बी का नको

अंजीर हे वड, पिंपळ, उंबर यांचंच भावंड. उंबराचं फूल जसं कुणाला दिसत नाही, तसंच अंजिराचंही. आपण ज्याला फळ म्हणतो ती खरं तर आत वळलेली एक पिशवी आहे आणि शेकडो बारीक फुलं तिच्या आतल्या बाजूला असतात. परागीभवन झालेलं नसेल तर आतल्या बिया पोकळ राहतात आणि रुजतच नाहीत. रुजल्याच, तरी येणारी रोपं आईसारखी निघत नाहीत, आणि त्यातली साधारण निम्मी नर प्रकारची म्हणजे खाण्याजोगं फळ न देणारी निघू शकतात. हे कळायला काही वर्षं जातात. काडीपासून आलेलं झाड मात्र मूळ झाडाची हुबेहूब नक्कल असतं: तीच चव, तीच साल, तोच बहार.

माणसाने ही युक्ती फार लवकर ओळखली असावी. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात गिलगाल इथे जळून कोळसा झालेली, सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची अंजिरं सापडली. ती बीजधारणा न होता पोसलेल्या प्रकारातली आहेत, म्हणजे ती झाडं फांद्या लावूनच वाढवली असावीत, असं संशोधकांनी २००६ साली मांडलं. त्यावर वाद झाले. पण अंजिराची फांदी ओल्या मातीत खोचून पाहणाऱ्याला हा अंदाज सहज पटतो.

कोणत्या झाडाची काडी घ्यायची

इथे घाई करू नका. ज्या झाडाचं पिकलेलं फळ तुम्ही स्वतः खाल्लं आहे, किंवा निदान लगडलेलं झाड डोळ्यांनी पाहिलं आहे, त्याचीच काडी घ्या. कारण अंजिराचे सगळे प्रकार आपोआप फळत नाहीत. घरगुती बागेत असतो तो सामान्य प्रकार परागीभवनाशिवाय फळं पिकवतो. पण स्मर्ना गटातल्या जातींना नर झाड आणि ब्लास्टोफॅगा नावाची अगदी बारीक गांधीलमाशी लागते. ती नसेल तर फळं सुपारीएवढी होऊन गळून जातात. ज्या बागेत जवळ नर झाड नसूनही फळं पिकतात, तिथली काडी निर्धास्त आणावी.

दुसरं म्हणजे पानं बघा. हिरव्या पानावर पिवळे, कडा विरघळल्यासारखे डाग, वेडीवाकडी आकसलेली पानं, असं दिसलं तर तो बहुधा मोझॅक हा विषाणूजन्य रोग असतो. तो काडीबरोबर नव्या झाडात येतो आणि त्यावर औषध नाही. एक अगदी बारीक कोळीही तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. जोमदार झाड हा रोग सोसून फळं देत राहतं, पण पर्याय असेल तर स्वच्छ झाडच निवडा. यासाठी पानं असतानाच झाड हेरून ठेवावं आणि फांदीला दोरा बांधावा. पानगळ झाल्यावर सगळी झाडं सारखीच दिसतात.

बुंध्याजवळून मुळासकट निघालेली फूट काढून आणायचा मोह होतो. तिला मुळं तयार असतात हे खरं, पण जुन्या बागेच्या मातीत सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अगदी बारीक कृमी, असले तर ते त्या मुळांवरच्या गाठींतून तुमच्या बागेत येतात. वरच्या फांदीची काडी या बाबतीत सुरक्षित.

काडी कधी आणि कशी काढायची

झाडाने पानं गाळली आहेत आणि नवे डोळे (फांदीवरचे कोंब) अजून फुगलेले नाहीत, हा उत्तम काळ. तेव्हा फांदीत पिष्टाचा साठा भरपूर असतो आणि मुळं फुटेपर्यंत काडी त्या साठ्यावरच जगते. जिथे अंजिराची पूर्ण पानगळ होत नाही, तिथे छाटणीच्या वेळी, झाडाची वाढ थांबलेली असताना काडी घ्यावी.

गेल्या हंगामात वाढलेलं, राखाडी-तपकिरी रंगाचं पक्कं लाकूड निवडा. जाडी पेन्सिलीपासून अंगठ्यापर्यंत, लांबी २० ते २५ सेंटीमीटर, आणि त्यावर किमान तीन-चार डोळे. शेंड्याकडचा हिरवट, मऊ भाग टाकून द्या. तो आडवा कापून पाहिलात तर मधलं भेंड मोठं आणि लाकडाचं कडं पातळ दिसेल. अशी काडी एक तर सुकते, नाही तर सडते. डोळे जवळजवळ असलेली, आखूड पेरांची काडी मला लांब पेरांच्या काडीपेक्षा नेहमी सरस ठरली आहे, कारण मुळं सर्वांत जास्त सांध्यापाशीच, म्हणजे डोळा असतो त्या गाठीपाशी, सुटतात.

खालचा काप सांध्याच्या लगेच खाली, सरळ आडवा घ्या. वरचा काप डोळ्याच्या एक-दीड सेंटीमीटर वर, तिरका. हा फरक फक्त पाणी निथळण्यासाठी नाही. काड्यांचा जुडगा बांधून ठेवला की महिन्याभराने वरची बाजू कुठली हे ओळखू येत नाही, आणि उलटी लावलेली काडी नीट वाढत नाही. तिरकं टोक वर, हे लक्षात ठेवलं की चूक होत नाही. सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार असावं आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना ते स्पिरिटने पुसावं.

कापताना पांढरा चीक येतो. त्याकडे दुर्लक्ष करू नका. चीक लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, भाजल्यासारखे फोड येतात आणि त्यांचे काळपट डाग बरेच दिवस राहतात. हातमोजे घाला, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, मुलांना जवळ येऊ देऊ नका, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. डोळ्याला हात तर मुळीच लावू नका.

लगेच लावायची नसेल तर काडी धुऊन, पुसून, किंचित दमट कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. दोन-तीन महिने ती सहज टिकते. कागद ओला नको, हाताला जेमतेम गार लागेल एवढाच. पंधरा दिवसांनी एकदा उघडून बुरशी आली आहे का पाहा. दूर राहणाऱ्या कुणाकडून काड्या मागवायच्या असतील तर त्यांनाही असंच गुंडाळायला सांगा.

लावण्याआधीची तयारी

काडी वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने घासून धुवा. सालीच्या खाचांत बसलेली धूळ आणि बुरशीचे बीजाणू यामुळे बरेच कमी होतात. चीक वाहायचा थांबेपर्यंत, साधारण तासभर, काडी सावलीत ठेवून द्या.

मग खालच्या टोकाच्या दोन-तीन सेंटीमीटर भागावर चाकूच्या टोकाने सालीला दोन उभ्या रेघा ओढा, आतलं हिरवं दिसेल इतपतच. या जखमेच्या कडेने पांढरट गाठाळ पेशी येतात आणि मुळं तिथूनही निघतात. मूळ फुटवणारं संजीवक, म्हणजे इंडोल ब्युटिरिक ॲसिडची पावडर, घरात असेल तर टोकाला लावून झटकून टाका. नसेल तर आणायला धावू नका. अंजीर संजीवकाशिवाय चांगलं मुळं धरतं, आणि पावडरीचा जाड थर फायद्याऐवजी कुजायलाच मदत करतो. वरच्या तिरक्या कापावर मेणबत्तीचं मेण कोमट झाल्यावर थेंबभर टेकवलं तर तिथून ओल उडून जाणं थांबतं.

माध्यम आणि डबा

बागेतली माती नको, शेणखत नको, गांडूळखतही नको. मुळं नसलेल्या काडीला खताचा उपयोग नाही, आणि त्यातले सूक्ष्मजीव ओल्या कापावर तुटून पडतात. धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग आणि परलाइट (हलके, पांढरे खनिजाचे दाणे) एक भाग, हे मिश्रण मी वापरतो. परलाइट नसेल तर जाड, धुतलेली नदीची वाळू चालते. बारीक वाळू मात्र टाळा, ती पाणी पडलं की घट्ट बसते आणि हवा कोंडते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: ओल किती. मिश्रण भिजवा, मूठभर घ्या आणि जोर लावून पिळा. बोटांतून पाण्याची धार आली तर फार ओलं. दोन-चार थेंब टपकले तरी अजून ओलंच. बोटांच्या फटीत ओल चमकावी, एखादा थेंब कसाबसा दिसावा, आणि मूठ उघडल्यावर गोळा राहावा पण बोट लावताच भुसभुशीत फुटावा. हा आपला वाफसा. जास्त ओलं झालं असेल तर मिश्रण वर्तमानपत्रावर पसरा आणि दोन तास वारा लागू द्या.

डबा पारदर्शक घ्या, अर्ध्या ते एक लिटरचा. तळाला आणि कडेने खाली पाच-सहा भोकं पाडा. पारदर्शक डब्याचा फायदा असा की मुळं दिसतात, त्यामुळे काडी उपसून पाहायची वेळ येत नाही. मुळांना उजेड नको म्हणून त्याच मापाच्या अपारदर्शक डब्यात तो ठेवावा, आणि बघायचं असेल तेव्हाच बाहेर काढावा.

तळाला दोन बोटं मिश्रण घाला, काडी मधोमध उभी धरा, कडेने मिश्रण भरत जा आणि हलकेच ठोका. दोन-तीन सांधे आत आणि एखादा-दोन डोळे वर राहतील इतकी खोल काडी लावा. काडी मातीत जोराने खुपसू नका, खालची साल निघते. वरून सैल प्लास्टिकची पिशवी घाला किंवा सगळे डबे झाकणाच्या मोठ्या पारदर्शक खोक्यात ठेवा. प्रत्येक काडीवर जातीचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा.

वाट पाहण्याचे दिवस

डबे उबदार जागी ठेवा. २१ ते २७ अंश सेल्सिअस ही उत्तम उब. थेट ऊन नको, कारण पिशवीच्या आत काडी अक्षरशः उकडून निघते. खिडकीजवळचा मऊ उजेड पुरतो.

या काळात काय काय होतं ते नीट समजून घ्या. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वरचा डोळा फुगतो, टोक हिरवं होतं, मग एखादं पान उलगडतं. हा आनंदाचा क्षण असतो, आणि इथेच बहुतेक काड्या मारल्या जातात. पान फुटलं म्हणजे मूळ फुटलं असं नाही. ते पान काडीतल्या साठ्यावर आलेलं असतं. त्याला पाणी पुरवायला खाली अजून कुणी नाही. म्हणून दमट हवेची पिशवी हवी, म्हणजे पानातून पाणी उडून जात नाही. आणि म्हणूनच खाली पाणी ओतून उपयोग नाही, कारण ते शोषायला मूळच नाही. उलट मिश्रणातली हवा संपते. नवीन मुळाच्या पेशींना श्वास घ्यायला प्राणवायू लागतो. तो मिळाला नाही की त्या मरतात आणि कुजवणाऱ्या बुरशीला मोकळं रान मिळतं.

त्यामुळे पाणी ठरलेल्या वाराला देऊ नका, डबा उचलून पाहा. लावल्या दिवशी तो हातात किती जड लागतो ते लक्षात ठेवा. पिशवीच्या आत कडेला बारीक दव दिसतंय आणि डबा जवळपास तेवढाच जड आहे, तोवर काहीही करू नका. माझ्याकडे अनेकदा चार-पाच आठवडे पाण्याचा थेंबही द्यावा लागत नाही. डबा हलका वाटला तर कडेने दोन-तीन चमचे पाणी घाला, त्याहून जास्त नको.

दर दोन-तीन दिवसांनी पिशवी दहा मिनिटं उघडून हवा पालटा. काडीवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा आणि हवा जास्त वेळ खेळू द्या. सालीवर पांढऱ्या, टपोऱ्या पुळ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या सालीची श्वासरंध्रं फुगून आलेल्या असतात, आणि पुष्कळदा मूळ तिथूनच फुटतं. हाताला चुरा लागतो आणि पुसता येते ती बुरशी. पुळी पुसली जात नाही.

बारीक काळी चिलटं डब्याभोवती फिरायला लागली तर समजा की वरचा थर फार ओला आहे. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. वरचा थर सुकू द्या, त्यावर बोटभर कोरडी वाळू पसरा आणि जवळ पिवळे चिकट कागद लावा.

कधी कधी पानाबरोबर वाटाण्याएवढं अंजीरही येतं. बघायला ते फार गोड दिसतं, पण लगेच खुडून टाका. काडीचा साठा मुळांसाठी हवा.

चार ते सहा आठवड्यांत, कधी आठ, डब्याच्या कडेला पांढरी शुभ्र, जाडसर मुळं दिसू लागतात. ती दिसली त्या दिवशी काडी हलवू नका. पहिली मुळं काचेच्या दोऱ्यासारखी असतात, नुसत्या धक्क्याने तुटतात. त्यांना फाटे फुटून रंग फिकट तपकिरी होऊ द्या. डब्याच्या तीन बाजूंनी मुळं दिसली की पुढच्या पायरीला हात घाला.

पाण्याच्या बाटलीतही काडी मुळं धरते. पण पाण्यात वाढलेली मुळं मातीत गेल्यावर बरीचशी मरतात आणि रोपाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून मी तो मार्ग सोडून दिला.

बाहेरच्या हवेची सवय

मुळं भरली तरी पिशवी एकदम काढू नका. पिशवीतल्या दमट हवेत वाढलेली पानं कोरड्या वाऱ्यात तासाभरात करपतात. पहिल्या दिवशी पिशवीला बोट जाईल एवढं एक भोक पाडा, दोन दिवसांनी आणखी दोन. दहा-बारा दिवसांत पिशवी पूर्ण काढा. मध्येच पानं मलूल झाली तर दोन दिवस मागे या.

मग चार-पाच लिटरच्या कुंडीत बदली करा. आता माती चालते: चाळलेली माती, चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि वाळू किंवा परलाइट सारख्या भागात. डबा कात्रीने उभा कापा आणि मुळांभोवतीचं मिश्रण झटकल्याशिवाय सगळा गोळा तसाच उचलून ठेवा. एकदा भरपूर पाणी द्या, आठवडाभर सावलीत ठेवा, मग सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास, आणि रोज थोडं थोडं वाढवत दोन-तीन आठवड्यांत पूर्ण ऊन. नवी पानं जोमाने यायला लागली की निम्म्या मात्रेने खत सुरू करा. त्याआधी नको.

कायमची जागा

अंजिराला दिवसाचं सहा-आठ तास ऊन आणि पाण्याचा निचरा एवढंच खरं तर हवं. मातीचा सामू (पीएच) ६ ते ७.५ असला की पुरे. जमिनीत लावणार असाल तर दोन झाडांत चार-पाच मीटर अंतर ठेवा आणि घराचा पाया, सांडपाण्याची नळी, पाण्याची टाकी यांच्यापासून दूर लावा. वडाच्या कुळातलं झाड आहे, मुळं ओल शोधत लांबवर जातात. पाणी साचणारी जागा असेल तर फूटभर उंच वरंबा करून त्यावर लावा.

कुंडीत लावायचं असेल तर पुढे ३० ते ४० लिटरची कुंडी पुरते. मुळं जरा कोंडली की पालापाचोळा कमी आणि फळं जास्त, असा माझा अनुभव आहे. पण दर दोन-तीन वर्षांनी झाड बाहेर काढून कडेची मुळं कापून नवी माती भरावी लागते.

रोप ६० ते ९० सेंटीमीटर झालं की शेंडा खुडा. खालून जी फूट येईल त्यातल्या वेगवेगळ्या दिशांच्या तीन-चार फांद्या ठेवा, बाकीच्या लहान असतानाच काढा. पहिल्या वर्षी आलेली फळं काढून टाकणं जिवावर येतं, पण त्याने खोड भरतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खाण्याएवढी फळं मिळतात. पानांच्या खालच्या बाजूला विटकरी पावडर दिसली तर तो तांबेरा. अशी पानं आणि खाली पडलेला पाचोळा गोळा करून बागेबाहेर टाका, आणि पाणी पानांवर न मारता बुंध्याशी द्या.

फळ तोडण्याबद्दल एकच सांगायचं आहे. अंजीर तोडल्यानंतर पिकत नाही. कच्चं तोडलं तर मऊ पडतं, गोडी येत नाही. ते देठापाशी मान टाकून खाली झुकू द्या, बोटाने दाबलं तर दबलं पाहिजे. सालीवर बारीक चिरा आणि तळाच्या भोकाशी मधाचा एखादा थेंब दिसला की त्याच सकाळी तोडा. पक्ष्यांना ही खूण आपल्या आधी कळते, म्हणून फळ रंग बदलायला लागताच त्याला जाळीची छोटी पिशवी बांधून ठेवा.